झटके येत नाहीत, मग फिटची गोळी कशाला? (बाबांचा अल्झायमर)

पेवावरची | ९ जुलै, रात्री १०:१२

धागा लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

बाबा ७६ वर्षांचे. नोकरीची पहिली वीस वर्षं सांगलीजवळ हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (जमिनीखालची कोठारं) गेली, पुढची मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. विसरण्याचे नेहमीचे प्रकार लिहीत बसत नाही, ज्यांच्या घरात आहे त्यांना ते पाठ असतात. पण अजूनही हातात हळकुंड दिलं की कानाजवळ नेऊन मोडतात. खणकन वाजलं तर "वाळलंय." नुसतं कुचकन मोडलं तर "परत उन्हात टाक." यात कधी चूक नाही. सकाळचा चहा झाला का, हे मात्र चहाचा कप हातात धरून विचारतात.

गेल्या दिवाळीपासून एक नवीन सुरू झालंय. जेवताना घास ताटातून उचलतात आणि तो हात मध्येच थांबतो. नजर समोर, पण कुणाकडेच नाही. ओठ चाटत राहतात, डाव्या हाताची बोटं लुंगीची कड चाचपत असतात. मिनिट-दीड मिनिट. मग एकदम घास तोंडात. "बाबा, काय झालं?" तर "कुठं काय?" त्यानंतरचा तास-दोन तास फार वाईट जातो. मला आईच्या नावानं हाक मारतात.

एका दवाखान्यात हे सांगितलं तर मान वर न करता "वय झालंय, चालायचंच" असं उत्तर मिळालं. तीन महिने मीही तेच मानलं. मग मिरजेत दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला, तो चांगला आला. तरी ते म्हणाले, रात्रभराचा काढू, झोपेत. त्यात डाव्या कानशिलाच्या बाजूला अधूनमधून 'टोकं' दिसली, म्हणजे आलेखात अचानक उसळ्या. आता फिटची गोळी दिलीय, लेव्हेटिरॅसिटाम, अगदी कमी डोस.

घरात भांडण लागलंय. भाऊ म्हणतो, बाबांना जन्मात फिट आली नाही, हे गोळ्या खपवायचे धंदे आहेत. मला धंद्याचं तसं वाटत नाही, पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. अल्झायमर म्हणजे मेंदू हळूहळू विझत जाणं ना? मग विझत्या दिव्याला शांत करायचं औषध कसं काय देतात?

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "काही पेशी जास्त काम करतायत." बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, मी उठले.

---

भडंगप्रेमी | ९ जुलै, रात्री १०:४०

ताई, आमच्या आज्जीला पण सेम असंच हुतं. घास धरून बसायची. आमी म्हणायचो आज्जी गाडी चुकली, पुढच्यानं येईल. हसायचो वो. आता वाचून कसंतरीच वाटाय लागलंय.

---

उंदीरमामा | ९ जुलै, रात्री ११:५५

पेवावरची ताई, तुमच्या डॉक्टरांचं एक वाक्य अगदी बरोबर आहे, फक्त त्याच्या पुढची पंधरा वाक्यं राहिली. ती मी लिहितो.

आधी ओळख: जन्म विश्रामबागचा. डॉक्टर आहे, पण इंजेक्शनवाला नव्हे. परदेशात पाच वर्षं उंदरांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवली, हे टोपणनाव तिथलंच. आता वेगळं काम करतो. त्यामुळे गोळी चालू ठेवा की बंद करा, यावर माझ्याकडून चकार शब्द मिळणार नाही.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं गुन्हेगार म्हणून उभी केली जातात. एक अमायलॉइड-बीटा. पेशीच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन असतं, त्याचे दोन ठिकाणी तुकडे होऊन मधला ४० किंवा ४२ दुव्यांचा तुकडा बाहेर पडतो. ४२ वाला जास्त चिकट. हे तुकडे एकमेकांना चिकटून पेशींच्या बाहेर पुंजके होतात. दुसरं टाऊ. हे पेशीच्या आतलं. चेतापेशीच्या लांब शेपटातून मालाची ने-आण ज्या रुळांवरून होते, ते रूळ सांभाळणं हे त्याचं मूळ काम. आजारात ते रूळ सोडतं आणि पेशीतच त्याचे गुंते होतात. पुंजके आणि गुंते, दोन्ही अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईंच्या मेंदूचं वर्णन सांगितलं, त्यातच पाहिले होते.

पण मेलेल्या मेंदूच्या कापात पेशी मेली आहे एवढंच कळतं. ती मरायच्या आधी काय करत होती, हे कळत नाही. शंभर वर्षं आपण रिकामं घर बघून घरात भांडण झालं होतं का, याचा अंदाज बांधत होतो.

पेशी पेटली, म्हणजे तिनं संदेश सोडला, की तिच्या आत कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम लागलं की चमकणारा रंग पेशींत भरून ठेवला, उंदराच्या कवटीला बारीक काचेची खिडकी बसवली आणि वरून लेसर टाकला, तर जिवंत मेंदूतल्या शेकडो पेशी एकाच वेळी लुकलुकताना दिसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला गणपतीतल्या माळा आठवल्या होत्या. असो.

२००८ साली म्युनिकच्या गटानं, मार्क आउरेल बुशे आणि आर्थर कोनर्थ वगैरे मंडळींनी, अमायलॉइड साठणाऱ्या उंदरांत हे करून पाहिलं. सगळ्यांची अपेक्षा तुमच्यासारखीच, की पेशी मंद असतील. काही मंद होत्याच. पण साधारण पाचातली एक पेशी भलतीच जोरात चालू होती, आणि या ओरडणाऱ्या पेशी पुंजक्यांच्या अगदी शेजारीच होत्या. पुढे २०१२ मध्ये स्मृतीच्या केंद्रात, हिप्पोकॅम्पसमध्ये, पुंजके तयार व्हायच्याही आधी हा गोंगाट दिसला. म्हणजे कारण पुंजका नव्हे, त्याआधीचं पाण्यात विरघळलेलं अमायलॉइड.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. दिवा विझण्याआधी फडफडतो. फडफडणं थांबवणं आणि दिवा विझवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

उरलेलं उद्या. इकडे एक वाजत आलाय.

---

शंकासुर | १० जुलै, सकाळी ७:३०

इकडे एक वाजत आलाय म्हणे. पोस्टची वेळ ११:५५ आहे.

बाकी चांगलं लिहिलंय, पण दोन शंका. एक, पेशी जास्त चालल्यानं अमायलॉइड वाढतं की अमायलॉइड वाढल्यानं पेशी जास्त चालतात? दोन, उंदराला अल्झायमर होतच नाही, तुम्ही माणसाचा जीन घालून तो 'करता'. मग त्यावरून दिवाणजींच्या डोक्यात काय चाललंय हे कसं ठरवणार?

---

उंदीरमामा | १० जुलै, दुपारी १:२०

घड्याळाबाबत शरण. बायकोनं "एक वाजला" असं सांगून उठवलं होतं.

पहिली शंका फारच चांगली आहे, कारण उत्तर 'दोन्ही' असं आहे आणि खरी गोम तिथंच आहे.

पेशी जितकी जास्त चालते तितकं जास्त अमायलॉइड बाहेर सोडते. हे २००५ च्या आसपास उंदरांत पक्कं झालं. २००९ मध्ये सेंट लुईसच्या लोकांनी दाखवलं, की जागेपणी मेंदूतलं अमायलॉइड चढतं आणि झोपेत उतरतं. माणसाच्या मेंदूचे जे भाग आपण स्वस्थ बसलो असतानाही सतत कामात असतात, तिथंच पुंजके सर्वात जास्त सापडतात, तेही याच्याशी जुळतं.

आता उलट बाजू. ही सांगलीकराला सांगणं सोपं आहे. चेतापेशी शेजारणीला संदेश देते तेव्हा ग्लुटामेट नावाचं रसायन मधल्या फटीत सोडते. काम झालं की ते लगेच उपसून घ्यावं लागतं. २०१९ मध्ये बेनेडिक्ट झॉट आणि कोनर्थ यांच्या गटाने दाखवलं, की अमायलॉइडच्या जोड्या हा उपसाच अडवतात. ग्लुटामेट फटीत तुंबून राहतं आणि पुढची पेशी पेटतच राहते. थोडक्यात फुग. खालून पाणी जात नाही म्हणून वर चढतं. (अलमट्टी धरणावर वाद इथं नको, त्यासाठी दुसरे चार धागे आहेत.)

आणि यातली सर्वात बेरकी गोष्ट अशी, की हे फक्त आधीच चालू असलेल्या पेशींत होतं. गप्प पेशीपाशी ग्लुटामेटच नाही, तर तुंबणार काय? म्हणजे जी पेशी बोलते तीच ओरडायला लागते, ओरडते म्हणून आणखी अमायलॉइड सोडते, आणि त्यानं आणखी ओरडते.

त्यात भर म्हणजे जाळ्यात चेतवणाऱ्या पेशींबरोबर आवरणाऱ्या पेशीही असतात, वर्गातल्या मॉनिटरसारख्या. अल्झायमरच्या उंदरांत या आवरणाऱ्याच कमजोर पडलेल्या दिसतात. विद्युतभार आत घेणारी त्यांची एक विशिष्ट वाहिनी कमी झालेली असते. मॉनिटर आजारी आणि वर्ग मोकाट.

दुसरी शंका. खरं आहे, उंदीर हा उंदीरच. पण झॉटच्या प्रयोगात एक गोष्ट होती: अल्झायमरनं गेलेल्या माणसांच्या मेंदूतून काढलेलं अमायलॉइड निरोगी उंदराच्या मेंदूत सोडलं, तरी पेशी तशाच भडकल्या. आणि माणसांबद्दल थेट पुरावाही आहे. २०१७ मध्ये बोस्टनमध्ये अल्झायमरच्या दोन रुग्णांच्या कवटीतल्या नैसर्गिक छिद्रातून बारीक तार आत नेऊन हिप्पोकॅम्पसजवळ ठेवली. डोक्यावरून काढलेल्या ईईजीत काही दिसत नव्हतं, पण आत झोपेमध्ये चक्क झटके चालू होते. दोनच रुग्ण, हे मान्य. पण ताईंच्या बाबांचा दिवसाचा ईईजी चांगला आणि रात्रीचा वाईट का आला, ते यावरून कळतं. त्या डॉक्टरांनी रात्रभराचा काढला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

आक्का_मिरज | १० जुलै, दुपारी ३:०५

मी निवृत्त परिचारिका. ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच म्हाताऱ्या माणसांत. मामांइतकं शास्त्र येत नाही, पण ताई, तू लिहिलेलं ओठ चाटणं आणि लुंगीची कड चाचपणं हे वाचून मी लगेच म्हटलं, हे थबकणं साधं नाही. फिट म्हणजे जमिनीवर पडून हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच लोकांना माहीत असतं. कानशिलाच्या भागातली फिट अशीच गुपचूप येते. माणूस बसल्या जागी दोन मिनिटं गैरहजर, आणि मग काही काळ गोंधळलेला. तुझा 'वाईट तास' तो हाच.

आता कामाचं. पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढ. चेहरा आणि दोन्ही हात दिसू देत, घड्याळ दिसलं तर उत्तम. डॉक्टरला दहा मिनिटं वर्णन केल्यापेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो. त्या वेळी तोंडात घास कोंबू नको, पाणी पाजू नको, ठसका लागतो. एकीकडे कागदावर तारीख, वेळ, किती वेळ टिकलं, एवढं लिहीत जा.

आणि या गोळीनं काही जण चिडके होतात. शांत माणूस एकदम खेकसायला लागतो. तसं झालं तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नको, डॉक्टरला सांग. आणि तुझ्या भावाला म्हणावं, गोळी परस्पर बंद करू नकोस. फिटची गोळी अचानक तोडली तर उलटते.

---

पेवावरची | १० जुलै, सायं. ६:४८

आक्का, तुम्ही कुठं होता दिवाळीपासून!

भावाला हा धागा पाठवला. उत्तर आलं, "बरं." त्याच्याकडून 'बरं' म्हणजे पुष्कळ.

मामा, फुगेचं फार पटलं. २०१९ ला आमच्या गावभागातल्या घरात छातीभर पाणी होतं. बाबा अजून जुलै लागला की विचारतात, "पुलाला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला चाळीस फूट इशारा आणि पंचेचाळीस धोका, हे ते विसरलेले नाहीत. पण उत्तर पाच मिनिटं टिकत नाही. परवा मोजलं, सकाळपासून दुपारपर्यंत एकवीस वेळा विचारलं. बाविसाव्या वेळी मी ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण टाऊचं काय? तुम्ही दोन गुन्हेगार म्हणालात आणि एकाचीच केस चालवली.

---

तरफ | १० जुलै, रात्री ८:२०

मी मिरजेतल्या सतारमेकरांच्या घरातला. शास्त्रातलं काही कळत नाही, पण 'जाळं' हा शब्द वाचल्यापासून डोक्यात सतार आहे. वरच्या तारा वाजवतो त्या बाजाच्या. खाली बारीक तरफांच्या तारा असतात, त्यांना सहसा कुणी हात लावत नाही, वरचा सूर बरोबर लागला की त्या आपोआप बोलतात. गिऱ्हाईक वाद्य घेऊन येतं आणि म्हणतं, एक तार सारखी झणझणतेय. नवशिका कारागीर त्याच तारेच्या मागं लागतो. पण बऱ्याचदा दोष तिचा नसतो. जवारी (तारा टेकतात त्या घोडीची घडण) गेलेली असते, किंवा दुसरीच तरफ उतरलेली असते. एक ओरडते, दुसऱ्या मुक्या होतात, आणि राग ओळखू येत नाही.

मामा, चुकत असेन तर सांगा. आमच्या आज्जांना हा आजार होता. तार लावायला बसवलं की लावायचे, पण कोणत्या गिऱ्हाइकाची ते ठाऊक नसायचं.

---

उंदीरमामा | १० जुलै, रात्री ११:३०

तरफभाऊ, चुकत नाही तुम्ही, उलट मी तीन वर्षं भाषणात वापरलेल्या उदाहरणापेक्षा हे बरं आहे. स्मृती ही एका पेशीत नसते, अनेक पेशी एका लयीत पेटतात त्यात असते. ओरडणारी पेशी लय मोडते. जास्त आवाज म्हणजे जास्त काम असं नाही. वर्गात सगळे एकदम बोलले तर फळ्यावरचं काय कळणार?

आता टाऊ. ताईंनी बरोबर पकडलं.

टाऊचा प्रवास ठरलेला असतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर एक पट्टा आहे, तिथं ते आधी दिसतं. मग हिप्पोकॅम्पस, मग बाहेरचा मेंदू. हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, आजही त्याच वापरतात. ते एका पेशीतून पुढच्या पेशीत जोडणीवाटे सरकतं, हेही उंदरांत दिसलंय. म्हणून नवं साठवायचं दार आधी बंद पडतं, आणि चाळीस वर्षं जुनं, मेंदूभर पसरलेलं ज्ञान उशिरापर्यंत टिकतं. बाबांचं हळकुंड टिकलंय आणि चहा टिकत नाही, ते यामुळं.

२०१९ मध्ये बुशे, या वेळी बोस्टनच्या ब्रॅडली हायमन यांच्याबरोबर, तीच खिडकी टाऊच्या उंदरांवर लावून बसले. तिथं ओरड नव्हती, सामसूम होती. बऱ्याच पेशी जवळजवळ गप्प. गंमत अशी की ज्या पेशींत गुंता दिसत होता त्याच गप्प होत्या असं नाही. म्हणजे इथंही गुंता हा नुसता डाग, उद्योग विरघळलेल्या टाऊचा.

मग दोन्ही प्रथिनं एकत्र असलेले उंदीर घेतले. माणसात तर दोन्ही असतातच. प्रयोगशाळेत चर्चा रंगल्या असणार: ओरड आणि शांतता एकमेकांना कापतील का? तसं झालं नाही. शांततेनं बाजी मारली. अमायलॉइड भरपूर असूनही ओरडणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या. आणखी वाईट म्हणजे, नुसत्या टाऊच्या उंदरांत टाऊ बनणं बंद केलं की पेशी सावरत होत्या, पण सोबत अमायलॉइड असलं तर तेवढ्या सावरल्या नाहीत.

आजार नेमका कुठल्या पायरीवर आहे यावर मेंदूत गोंगाट जास्त की सामसूम जास्त हे ठरतं, असं मी यातून समजतो. आणि एकाच मेंदूत एका कोपऱ्यात गोंगाट आणि दुसरीकडे सामसूम असू शकते. बाबांच्या कानशिलात टोकं आहेत म्हणजे तिथं अजून ओरड शिल्लक आहे.

---

शंकासुर | ११ जुलै, सकाळी ७:१०

थांबा थांबा. मी काल रात्री थोडं वाचलं. २००७ चा एक प्रयोग आहे, अमायलॉइडच्या उंदरांतून टाऊ कमी केलं तर त्यांचे झटके कमी झाले आणि स्मृती सुधारली. म्हणजे टाऊ ओरडायला मदत करतं. आणि तुम्ही म्हणता टाऊ गप्प करतं. एकाच प्रथिनावर दोन उलट आरोप?

---

उंदीरमामा | ११ जुलै, दुपारी १२:४५

तुम्ही वकील का झाला नाहीत?

हो, सॅन फ्रान्सिस्कोत लेनार्ट मुके यांच्या प्रयोगशाळेतलं काम ते, आणि भक्कम आहे. दोन्ही खरं असू शकतं. त्यांनी कमी केलं ते उंदराचं स्वतःचं, नेहमीचं, निरोगी टाऊ. बुशे यांनी पाहिलं ते माणसाचं, बिघडवलेलं, ढिगानं साठलेलं टाऊ. साधं टाऊ पेशीला भडकू द्यायला हातभार लावतं, आणि बिघडलेलं साठलं की तीच पेशी मूग गिळून बसते. मला स्वतःला हे असंच वाटतं. या क्षेत्रातले सगळे मात्र एका पंक्तीत जेवणार नाहीत. माझ्या जुन्या प्रयोगशाळेतच यावरून दोघांनी बोलणं टाकलं होतं.

---

हळदीचा_नातू | ११ जुलै, दुपारी २:००

कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. हळदीतल्या करक्युमिननं अमायलॉइड विरघळतं असं फॉरवर्ड फिरतंय. सांगलीत राहून आपल्याला तर हा आजार व्हायलाच नको मग. रोज चमचाभर दुधातून देऊ का आईला?

---

उंदीरमामा | ११ जुलै, दुपारी २:३०

परीक्षानळीत करक्युमिन अमायलॉइडला चिकटतं, हे खरं आहे. पण पोटातून रक्तात फारच थोडं जातं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवर ज्या लहान चाचण्या झाल्या त्यांत फायदा दिसला नाही. हळद भाजीत घाला, बाजारात भाव येऊ दे. औषध म्हणून नको.

---

पेवावरची | ११ जुलै, दुपारी ३:१०

बाबा अख्खं आयुष्य हळदीत होते हो. अंगाचा घामसुद्धा पिवळा यायचा, आई म्हणायची, बनियन पांढरं म्हणून आणायचं आणि पिवळं म्हणून फाडायचं. पेव उघडलं की आत लगेच उतरत नसत, आधी कंदील सोडत, तो विझला नाही तरच माणूस खाली. नाकातोंडात हळद. झालाच ना आजार.

---

परदेशी_पाहुणा | ११ जुलै, सायं. ५:५५

अमेरिकेत अमायलॉइड साफ करणारं इंजेक्शन आलंय ना? लेकानेमॅब. माझा भाचा तिकडेच आहे, व्यवस्था होऊ शकते.

---

आक्का_मिरज | ११ जुलै, सायं. ६:२०

भाच्याच्या बॅगेतून आणायची वस्तू नाही ती बाबा. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून सोडतात, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का हे बघायला वरचेवर एमआरआय लागतो.

---

उंदीरमामा | ११ जुलै, सायं. ७:००

आक्कांशी सहमत. २०२३ मध्ये तिकडे पूर्ण मंजुरी मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, मंदावली. आणि तेही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत. पुंजके बऱ्यापैकी साफ होतात, पण टाऊनं गप्प केलेली पेशी त्यानं बोलायला लागत नाही. पुंजका साफ म्हणजे आजार साफ असं धरून चाललेल्या लोकांचा यात भ्रमनिरास झाला, माझाही थोडा.

ताईंच्या गोळीबद्दल राहिलंच. २०१२ मध्ये बाल्टिमोरला स्मृती नुकती ढासळू लागलेल्या लोकांना हीच लेव्हेटिरॅसिटाम अगदी कमी मात्रेत दिली. स्कॅनमध्ये त्यांचा हिप्पोकॅम्पस जरुरीपेक्षा जास्त पेटलेला दिसत होता, तो शांत झाला आणि स्मृतीच्या चाचणीत गुण वाढले. मग २०२१ ची चाचणी: अल्झायमरचे ३४ रुग्ण, दिवसातून दोनदा १२५ मिलिग्राम, चार आठवडे. सगळ्यांची सरासरी काढली तर फायदा नाही. पण ज्यांच्या ईईजीत टोकं होती, त्यांच्यात काही कामं सुधारली. म्हणजे सरसकट सर्वांना वाटायची गोळी नव्हे. टोकं दिसली त्यालाच द्यायची. तुमच्या डॉक्टरांनी आधी टोकं शोधली, मग गोळी दिली. क्रम बरोबर आहे.

---

पाऊणशे | ११ जुलै, रात्री ९:३५

मी साताऱ्याचा. वय टोपणनावात आहे. मला स्वतःला सुरुवात झालीय, सहा महिन्यांपूर्वी कळलं. नातवानं हा धागा लावून दिला, वाचायला दोन दिवस लागले, पुन्हा पुन्हा मागं जावं लागतं.

एक सांगतो, कारण घरचे लोक बाहेरून लिहितायत. आतून ते विझल्यासारखं वाटत नाही. गर्दी झाल्यासारखं वाटतं. राजवाड्यापाशी संध्याकाळी चौपाटीवर उभं राहिल्यावर जसं होतं तसं. कुणी एक माणूस नाव घेऊन हाक मारतोय हे कळतं, पण कोणत्या बाजूनं ते सापडत नाही.

एकवीस वेळा विचारणाऱ्याला बाविसावा प्रश्न पहिलाच असतो हो ताई. तुम्ही ओरडलात ते त्यांच्या लक्षातही नसेल. तुमच्याच राहिलं.

---

भडंगप्रेमी | ११ जुलै, रात्री ९:५०

आजोबा 🙏

---

उंदीरमामा | ११ जुलै, रात्री १०:१५

काका, पाच वर्षं मी ती गर्दी बाहेरून काचेतून बघत होतो. आतून कशी असते हे पहिल्यांदा वाचलं.

---

शंकासुर | १२ जुलै, सकाळी ७:०५

आज शंका नाही.

---

पेवावरची | १४ जुलै, दुपारी ४:३०

आक्का, व्हिडिओ मिळाला. काल दुपारी, आमटी-भात. एक मिनिट पन्नास सेकंद. हात दिसतायत, भिंतीवरचं घड्याळ पण आलंय. डॉक्टरांना पाठवला, त्यांनी संध्याकाळी स्वतः फोन केला. म्हणाले, डोस थोडा वाढवू, दोन आठवड्यांनी परत सांगा, चिडचिड वाढली तर आधी सांगा. भाऊ शेजारी उभा राहून ऐकत होता. आज गोळी त्यानंच दिली, डबीवर तारखा लिहून चिठ्ठी पण चिकटवलीय.

काका, तुमचं लिहिलेलं मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावलंय.

व्हिडिओच्या शेवटी बाबा घास तोंडात टाकतात, चावतात, मग माझ्याकडे बघून विचारतात, "शूटिंग कुणाचं चाललंय?" मी म्हटलं, तुमचं. तर लुंगी सारखी केली आणि म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का? आणि पुलाला किती फूट आलंय?"

---

आक्का_मिरज | १४ जुलै, सायं. ५:१०

किती आलंय?

---

पेवावरची | १४ जुलै, सायं. ५:१२

सोळा.